गोळीने नाही, फिटने गेला जीव! चीनमध्ये अमर झालेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा आजार नेमका काय होता?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हटलं की युद्ध, जखमी सैनिक आणि चीन एवढं आपल्याला लगेच आठवतं. वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. युद्धाच्या आघाडीवर होते म्हणजे गोळी किंवा बॉम्ब लागला असेल, असं अनेकांना वाटतं. पण तसं नव्हतं. त्यांचा जीव घेतला अपस्माराने, म्हणजे ज्याला आपण फिट किंवा आकडी म्हणतो त्या मेंदूच्या आजाराने.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजला गेले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू असतानाच चीनमधून मदतीची हाक आली.

१९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला होता. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशभर आवाहन करून निधी उभा केला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघालं.

कोटणीस चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील वारले. घरी परतायला हे कारण पुरेसं होतं, पण ते परतले नाहीत. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. तिथून कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास ऑपरेशन्स केल्याचं सांगितलं जातं. पुढे कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण याच काळात त्यांना फिट येऊ लागल्या होत्या. उपचारासाठी आघाडी सोडून जा, असा सल्ला त्यांना मिळाला. ते गेले नाहीत. रुग्णालय चालू होतं, शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहून व्हायचं होतं. शेवटी एकामागून एक फिट येत राहिल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचं निधन झालं. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

मग त्या काळी यावर औषध नव्हतं का?

होतं. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात होतं. फेनिटोइन हे आजही दिलं जाणारं औषध फिटसाठी वापरात आलं ते १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी. पण युद्धाच्या आघाडीवर साध्या औषधांचाही तुटवडा होता. शिवाय डोक्याच्या आत काय बिघडलंय हे बघणार कसं? सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला तो १९७१ मध्ये. एमआरआय त्याच्याही नंतर आला.

आज परिस्थिती कुठल्या कुठे गेलीये. मेंदूतल्या अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट बसवून आतला दाब कमी करता येतो. काही रुग्णांमध्ये त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची नाकावाटे होणारी गळतीही आटोक्यात येते. फिटच्या बाबतीत तर एवढं लांब जायचीही गरज नाही. योग्य निदान आणि नियमित गोळ्या मिळाल्या तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरीही आपल्याकडे घरात कुणाला फिट येत असेल तर ते लपवलं जातं. लग्न मोडेल, नोकरी जाईल ही भीती. रस्त्यात कुणाला फिट आली तर आजही लोक कांदा किंवा चप्पल हुंगवतात. त्याने काहीही होत नाही. माणसाला एका कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर थेट दवाखाना. कारण कोटणीसांसारख्या, एकामागून एक येणाऱ्या फिट जीव घेऊ शकतात.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर सिनेमा काढला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय. तिथे जाल तेव्हा एवढंही लक्षात असू द्या, की ७२ तास ऑपरेशन करणारा हा डॉक्टर फिटचा रुग्णही होता.