डॉ. प्रफुल्लकुमार सेन : थांबलेल्या हृदयाचे शल्यविशारद

उपचारांसाठी नाशिकहून मुंबईस जाणाऱ्यांना परळचे के. ई. एम. रुग्णालय अपरिचित नाही. १९२६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घालणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या जीवनकार्याचा अल्प परिचय आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

१९१५ साली एका बंगाली कुटुंबात जन्मलेल्या सेन यांनी मुंबईला आपली कर्मभूमी मानले. या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात ते शल्यचिकित्सेचे प्राध्यापक व पुढे विभागप्रमुख झाले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांनी उच्च प्रशिक्षण घेतले.

त्या काळी हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते. हृदय उघडायचे तर रक्तप्रवाह थांबवावा लागे. आणि रक्त न मिळाल्यास नेहमीच्या तापमानात मेंदूला तीन-चार मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. हृदय सुधारले, पण रुग्ण शुद्धीवर आलाच नाही, तर उपयोग काय? कॅनडातील डॉ. विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५०च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, शरीर थंड केले असता मेंदूची प्राणवायूची गरज घटते. याच तत्त्वावर २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत डॉ. जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले.

पुढे पन्नासच्या दशकातच सेन यांच्या पथकाने मुंबईत ही पद्धत अंगीकारली. या पद्धतीत भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर बाहेरून गार करून तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवीत. त्यानंतर हृदयाकडे येणारे रक्त अडवून काही मोजक्या मिनिटांत काम उरकावे लागे. तापमान २८ अंशांखाली गेल्यास हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका असे. पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले. आज महाधमनीच्या कमानीसारख्या अवघड शस्त्रक्रियेत या यंत्राद्वारे शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण सुमारे अर्धा तास पूर्णपणे थांबविता येते.

हृदय थांबले, तरी माणूस मेला असे नव्हे, हे या शस्त्रक्रियांनी जगाला दाखविले. मग मृत्यू नेमका केव्हा होतो? नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना संबोधताना पोप बारावे पायस यांनी मृत्यूचा क्षण ठरविणे हे वैद्यकाचे कार्य असल्याचे स्पष्ट केले होते. हृदयारोपणाचा काळ आल्यावर तर या प्रश्नाचे उत्तर टाळणे शक्यच राहिले नाही.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी के. ई. एम.मध्ये मानवी हृदयाचे आरोपण केले. डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या आरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, आणि असे धाडस करणारे सेन हे जगातील चौथे शल्यविशारद होते. नव्या हृदयाने ठोके घेतले. परंतु फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील अतिदाबापुढे ते टिकले नाही व काही तासांतच रुग्ण दगावला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्या देशात १९९४ साली संमत झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

सेन यांना १९६९ साली पद्मभूषण किताब मिळाला. शस्त्राइतकाच कुंचलाही त्यांना प्रिय होता. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

अपयशाने खचून न जाता पुढच्यांसाठी वाट मोकळी करणे, हीही रुग्णसेवाच होय. शस्त्रक्रियागृहाबाहेर आपल्या माणसाची वाट पाहत बसलेल्यांना आज जी आशा वाटते, तिच्यात सेन यांच्या श्रमांचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.