ऊ थांट : अणुयुद्ध थोपवणारा बौद्ध

१४ ऑक्टोबर ही तारीख नागपूरकरांना सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे. बरोबर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९६२ रोजी, अमेरिकेच्या टेहळणी विमानाने क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे टिपली आणि जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले. ते युद्ध टळले याचे श्रेय केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांना मिळते. दोघांच्या मध्ये उभा राहिलेला ब्रह्मदेशातील बौद्ध माणूस मात्र पुस्तकातून गाळला जातो. गाळले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

ऊ थांट यांचा जन्म २२ जानेवारी १९०९ रोजी पंतानाव गावी झाला. चौदाव्या वर्षी वडील वारले. विद्यापीठाची पदवी न घेताच ते गावच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक. स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान ऊ नू यांचे सचिव आणि १९५७ पासून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधी. १९६१ मध्ये सरचिटणीस हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले आणि ती जबाबदारी हंगामी म्हणून त्यांच्यावर आली. मे १९६२ मध्ये त्यांचा तरुण मुलगा रंगूनला बसमधून पडून मरण पावला. पाच महिन्यांतच क्युबाचा पेच उभा राहिला.

२४ ऑक्टोबरला अमेरिकेची नाकेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी ऊ थांट यांनी दोन्ही नेत्यांना एकाच मजकुराचे पत्र धाडले : दोन-तीन आठवडे शस्त्रांची ने-आण थांबवा, नाकेबंदीही थांबवा आणि बोला. आम्ही वकील मंडळी याला ‘जैसे थे’ आदेश म्हणतो. निकाल नंतर, आधी हात आवरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी समुद्रातील टक्कर टाळण्याची विनंती केली. ती दोघांनीही मानली. शत्रूपुढे नमणे कोणालाच परवडणारे नव्हते. राष्ट्रसंघाचा शब्द राखण्यात मात्र कमीपणा नव्हता. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढण्याचे जाहीर केले. लगेच ऊ थांट हवानाला गेले. कॅस्ट्रो यांनी तपासणी नाकारली, तरी समेट मोडला नाही. नोव्हेंबरात ते एकमताने सरचिटणीस झाले. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेत, पाण्यात व अवकाशात अणुचाचण्या करण्यास बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला, तेव्हा ते हजर होते.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. मायदेशातील लष्करी राजवटीने सन्मान नाकारला. रंगूनच्या विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेऊन विद्यापीठाच्या आवारात त्यांना मूठमाती दिली. सैन्याने गोळ्या झाडून ती परत हिसकावली.

आज जगात सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. आपल्याकडे आहेत, शेजाऱ्यांकडेही आहेत. मैत्री म्हणजे दुबळेपणा, असे टोमणे मारणाऱ्यांना विचारले पाहिजे : १९६२ साली त्या दोन पत्रांचे काम कोणत्या क्षेपणास्त्राने केले असते?