इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन आणि एक गळू

जागतिक मधुमेह दिन १४ नोव्हेंबरला असतो, कारण तो फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. १८९१ साली कॅनडातल्या अ‍ॅलिस्टनजवळ शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. पहिल्या महायुद्धात सैन्यात सर्जन होते. परतल्यावर दवाखाना मात्र चालेना. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटो विद्यापीठात चार्ल्स बेस्ट यांना हाताशी धरून त्यांनी स्वादुपिंडातून साखर उतरवणारा अर्क काढला.

११ जानेवारी १९२२ रोजी तो अर्क लिओनार्ड थॉम्पसनला टोचला. चौदा वर्षांचा हा मुलगा हाडांचा सापळा झाला होता. १५ मिलिलीटर गढूळ द्रव, दोन्ही नितंबांत निम्मा-निम्मा. साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झाले. दोष अर्कातल्या अशुद्ध घटकांचा होता. उपचार थांबवावे लागले.

अर्क शुद्ध केला तो जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने. अल्कोहोलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत त्यांनी नको ती प्रथिने वेगळी केली. २३ जानेवारीपासून तो अर्क दिला आणि साखर झरझर उतरली. बँटिंग यांना हे बोचले. कृती सांगण्यावरून दोघांत हमरीतुमरीही झाली. संताप समजण्याजोगा, पण मुलगा वाचला तो कॉलिप यांच्यामुळे! १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपली निम्मी रक्कम बेस्टना दिली, मॅक्लिऑड यांनी कॉलिपना.

इन्शुलिन शुद्ध झाले, म्हणूनच ते रोज घरी टोचण्याजोगे झाले. त्वचेची तक्रार मात्र पुरती संपलेली नाही. इन्शुलिन पंपाची बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवणाऱ्यांना आजही लाली, खाज, गाठी येतात. नळी आणि जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, नवी जागा जुनीपासून निदान दोन बोटे दूर असावी. हात धुवावेत. त्वचा स्पिरिटने पुसली तर ते पूर्ण वाळू द्यावे, ओल्या त्वचेवर सुई जास्त झोंबते आणि चिकटपट्टीही धरत नाही. गाठ आलेल्या जागी दुखत नाही म्हणून अनेकजण पुन्हा तिथेच टोचतात. तिथून औषध नीट शोषले जात नाही, साखर वरखाली होते. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर नळी काढून दुसरीकडे बसवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बँटिंग फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडमधल्या विमान अपघातात गेले. थॉम्पसन त्या गळवानंतर तेरा वर्षे जगला, १९३५ पर्यंत.