थॉमस हेन्री हक्सली

थॉमस हेन्री हक्सली (जन्म : ईलिंग, ४ मे १८२५; मृत्यू : ईस्टबोर्न, २९ जून १८९५) हे इंग्लिश जीवशास्त्रज्ञ, डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते आणि ‘अज्ञेयवादी’ या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेचे जनक होते.

जीवन

हक्सलींचे शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षे झाले. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या नौदलाच्या जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून काम केले. सागरी प्राण्यांवरील संशोधनामुळे १८५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८५४ पासून त्यांनी लंडनमध्ये अध्यापन केले.

सप्टेंबर १८६० मध्ये त्यांचा थोरला मुलगा नोएल वयाच्या चौथ्या वर्षी लोहितांग ज्वराने दगावला. धर्मोपदेशक व कादंबरीकार चार्ल्स किंग्झली यांनी आत्म्याच्या अमरत्वाचा आधार देऊन त्यांचे सांत्वन केले. अमरत्व मानण्यास आपल्यापाशी पुरावा नाही आणि ते खोडून काढण्याचे साधनही नाही, असे हक्सलींनी उत्तरादाखल कळवले. केवळ दिलासा मिळतो म्हणून एखादी गोष्ट सत्य मानणे त्यांनी दुःखातही नाकारले.

अज्ञेयवाद

लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत आस्तिक व नास्तिक विचारवंत एकत्र चर्चा करीत. आपल्या भूमिकेला यांपैकी कोणतेच नाव लागू पडत नाही, हे जाणवून हक्सलींनी १८६९ मध्ये नवी संज्ञा योजली. ईश्वरवाद ईश्वराचे अस्तित्व मानतो, निरीश्वरवाद ते मानत नाही. अज्ञेयवादाचा प्रश्न मात्र ज्ञानाचा आहे. त्यामुळे ईश्वराविषयी निश्चित ज्ञान नाही असे मान्य करूनही एखादी व्यक्ती श्रद्धा बाळगू शकते, तर दुसरी तेच मान्य करून अश्रद्ध राहू शकते. हक्सलींच्या मते अज्ञेयवाद हा पंथ नसून पुराव्यापलीकडे निश्चितीचा दावा न करण्याची पद्धती होती. हे नास्तिकतेचेच सौम्य नाव असल्याचा आरोप धर्मोपदेशक हेन्री वेस यांनी केला; त्याला हक्सलींनी १८८९ मध्ये लेखांद्वारे उत्तर दिले.

१८७० मध्ये लंडन शाळा मंडळावर निवडून आल्यावर, सांप्रदायिक शिकवण वगळून शाळांत बायबल वाचले जावे, असा आग्रह त्यांनी धरला.

मृत्यू

हक्सलींचे दफन लंडनमध्ये नोएलजवळ झाले. त्यांच्या इच्छेनुसार थडग्यावर पत्नी हेन्रिएटा यांच्या कवितेतील ओळी कोरल्या आहेत. त्या ओळींत ईश्वराचा उल्लेख आहे.