दोम पेरिन्यों आणि बुडबुडे

शॅम्पेनचा शोध दोम पेरिन्यों ह्या संन्याशाने लावला, असे आपण लग्नसमारंभात हमखास ऐकतो. वास्तविक हे बेनेडिक्टाईन संन्यासी त्या बुडबुड्यांशी झगडत राहिले!

फ्रान्समधील ओव्हिलेर मठात ते १६६८ साली आले व १७१५ साली देवाघरी जाईपर्यंत मठाचा कारभार पाहत राहिले. शॅम्पेन प्रांतातील थंडीने द्राक्षरसाचे आंबणे अर्धवट थांबे, वसंतात पुन्हा सुरू होई, वायू कोंडे आणि बाटल्या फुटत. मठाचे केवढे नुकसान!

म्हणून दोम पेरिन्यों रस काढण्यापूर्वीच निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे चाखून कोणती कशात मिसळायची ते ठरवत. काळी पिनो न्वार त्यांना पसंत, कारण पांढऱ्या द्राक्षांचा रस पुन्हा फसफसे.

शोधाची कथा शतकभराने, १८२१ साली, त्याच मठाच्या एका माजी संन्याशाने पसरवली. आपल्या घराचा मोठेपणा वाढवण्याचा मोह मठांनाही असतो, हे आम्ही धर्मगुरू जाणतो. ते आंधळे होते, ही तर नंतरचीच भर.

ओव्हिलेरच्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे. तिच्यावर ४७ वर्षांच्या चोख कारभाराचा आणि गोरगरिबांवरील पितृतुल्य प्रेमाचा उल्लेख आहे. बुडबुड्यांचा नाही.