फ्लॉरेन्स नाइटिंगेल : शुश्रूषेला शास्त्र देणारी विदुषी

मूळ गाव शेकडो मैल मागे ठेवून परप्रांतात संसार मांडलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना घरात आजारपण आले म्हणजे वडीलधाऱ्यांची उणीव तीव्रतेने जाणवते. रुग्णाच्या उशाशी बसून नेमके करावे काय, हे सांगणारे कोणी जवळ नसते. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणाऱ्या एका थोर स्त्रीचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. त्या काळी इंग्लंडात रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीला न शोभणारे काम मानले जाई. घरच्यांचा विरोध अनेक वर्षे सोसून त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे या कामाचे शिक्षण घेतले.

क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. स्वच्छ कपडे, पथ्याचे अन्न आणि रात्री दिवा घेऊन केलेली विचारपूस यांमुळे त्या सैनिकांना देवतेसमान वाटू लागल्या. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यूंची संख्या वाढतच गेली! फेब्रुवारी १८५५ मध्ये ती शेकडा ४२ वर पोहोचली. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ करविली, खेळत्या हवेची सोय केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ वर आले.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने नाइटिंगेलबाईंनी सारे आकडे तपासले. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले होते. केवळ ममता त्यांना वाचवू शकली नव्हती. हे कटू सत्य त्यांनी लपविले नाही. उलट आलेखांद्वारे सरकारपुढे मांडले. त्यांच्या थोरवीची खरी खूण आम्हाला येथेच दिसते.

१८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर लिहिलेले छोटे पुस्तक मुख्यतः घरी रुग्ण सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी होते. रुग्णाला थंडी न बाधता खोलीत ताजी हवा व उजेड यावा, पाणी शुद्ध असावे, हात वारंवार धुवावेत, खोलीबाहेर कुजबूज करू नये, न खाल्लेले अन्न उशाशी ठेवून देऊ नये आणि रुग्णात होणारा प्रत्येक बदल बारकाईने टिपावा, ही त्यातील शिकवण. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत; परंतु येथील आरोग्याची चिंता त्यांनी अनेक दशके वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले.

माया आपल्या घरांत उदंड आहे. तिला या ज्ञानाची जोड मिळाली, तर परमुलखातही आपला रुग्ण पोरका राहणार नाही, असा आम्हाला विश्वास वाटतो.