तत्त्वज्ञानात एम.ए., पण खर्चाचं काय?

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मले. घरची गरिबी अशी, की डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे. शिष्यवृत्त्या आणि वर्तमानपत्रांतलं लिखाण यावर खर्च भागायचा. इतिहास-तत्त्वज्ञानात एम.ए. करतानाच त्यांनी आईला कळवून टाकलं, की मुलाकडून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी, ‘सुधारक’, फर्ग्युसनचं प्राचार्यपद. आणि १८९५ मध्ये चाळिशीच्या आतच निधन.

माझा भाचा पुण्याहून इथे बॉथेलला फोन करून विचारतो, तत्त्वज्ञान शिकायला अमेरिकेत येऊ का? मी म्हटलं, ये. पण फी माफ होऊन स्टायपेंड मिळणार असेल तरच. पीएच.डी.ला तो बहुधा मिळतो, एम.ए.ला क्वचित. कर्ज काढू नकोस. आणि आगरकरांसारखं आईला आधीच सांग.